एकशे चाळीस ठोके

सोमवार, ९ जून १९८६

अक्का,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी मागची बाजू बघशील, माझं नाव दिसलं की शिलाई मशीनच्या खणात टाकून देशील, हे मला ठाऊक आहे. सतरा वर्षांत बहिणीला पत्र नाही, आणि आता लिहिते आहे तर कामासाठीच, असंही म्हणशील. खरं आहे. कामासाठीच लिहिते आहे.

आमच्या गावात एक बाई आहे. वय चाळिशीच्या आगेमागे. तिला ऐकू कमी यायला लागलंय. तुझ्याबद्दल सांगितलं तेव्हा ती विचारत होती, तुमच्या बहिणीला सुरुवात कशी झाली? एका कानापासून की दोन्ही? कानात आवाज यायचा का, आणि यायचा तर कसा, शिट्टीसारखा की पिठाच्या गिरणीसारखा? मध्येच कधी थांबायचा का? माणसं बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही, असं व्हायचं का? आणि मुख्य म्हणजे, पुरतं बंद व्हायला किती वर्षं लागली? तू औरंगाबादला घाटीच्या दवाखान्यात दाखवलं होतंस, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते? सगळं सविस्तर लिही. बाईला घाई आहे.

बाकी इकडं ठीक. ह्यांची बदली पिशोरच्या शाळेत झाली, सायकलनं जातात. मी अजून त्याच उपकेंद्रात, गाव आणि सहा वस्त्या मिळून एकटीच नर्स. डॉक्टरसाहेब पिशोरहून महिन्यातून एकदा येतात. बाळंतपणं नीट होतायत. साळूबाई म्हणून एक आहे, मार्चमध्ये तिचं मूल पोटातच गेलं, तेवढं सोडलं तर वर्ष चांगलं आहे. असं होतच असतं.

तुझा बद्रीनाथ कॉलेजात जातो असं कन्नडच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. बरं वाटलं.

भागी


शुक्रवार, २७ जून १९८६

अक्का,

उत्तर नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघते. त्याच्या सायकलची घंटी मला ऐकू येत नाही, म्हणून अकरा वाजल्यापासून दारातच खुर्ची टाकून बसते. कळलं ना आता? ती बाई मीच.

तुला पहिल्या दोन ओळींतच कळलं असणार. माझं खोटं तुझ्याइतकं लवकर कुणीच पकडलेलं नाही.

दीड वर्ष झालं. आधी वाटायचं, लोकांनाच तोंडातल्या तोंडात पुटपुटायची सवय लागलीय. ह्यांच्या तर मी मागंच लागले, मिशा काढा म्हणून. ह्यांना वाटलं, बायकोला चाळिशीत नवरा देखणा दिसावासा वाटतोय. खूश होऊन काढल्या. आता ओठ दिसतात, घरापुरतं भागतं. ह्यांना अजून काही माहीत नाही. पाठमोरे बोलले की मी भांडं आपटते आणि चिडल्यासारखं करते, मग ते वळून पुन्हा बोलतात. माझा स्वभाव बिघडलाय असं त्यांनी धाकट्या जावेला सांगितलंय.

मला भीती वाटते, अक्का. हे एवढं लिहायला दोन कागद फाडले.

पिशोरच्या रस्त्यानं जाताना मी दर दहा पावलांवर मागं वळून बघते. परवा तर एक बैलगाडी पार पाठीला टेकली. गाडीवान खाली उतरून शिव्या देत होता, मला त्याचं नुसतं उघडमीट होणारं तोंड दिसत होतं. कानात सारखी गिरणी चालू असते, त्यामुळे दुसरं काही यायला जागाच नाही. गेल्या महिन्यात एका बाईनं हापशावर काहीतरी सांगितलं आणि मी हसून म्हणाले, बरं झालं की. तिचा बाप वारला होता. तेव्हापासून गावात नर्सबाईला लई माज आलाय असं चाललंय. मी ते खोडून काढत नाही. माज आलाय म्हणालेलं परवडतं, बहिरी झालीय म्हणालेलं परवडत नाही.

बायका माझ्या पाठीमागं हसतात का, ते मला कळत नाही. पण मी तुझ्या मागं काय करायची ते मला चांगलं आठवतं. बन्सीभावजींनी तुला माहेरी आणून सोडलं त्या वर्षी तू ज्वारी पाखडत बसायचीस, आणि मी मैत्रिणींना घेऊन तुझ्या पाठीशी उभी राहून तुला नावं ठेवायची. तू वळून बघायचीस. सगळ्या हसतायत म्हणून तूही हसायचीस. तसंच हसू आता माझ्या तोंडावर येतं, मीटिंगमध्ये, बाजारात, सगळीकडं.

आणि ते दुसरं. मला बघायला माणसं येणार होती, तेव्हा तुला कन्नडला मावशीकडे पाठवलं. तू आजवर समजत असशील की ते आईनं केलं. आई तयार नव्हती. अक्काला बघून ते म्हणतील कानाचं दुखणं घराण्यात आहे, तिला दोन दिवस कुठंतरी ठेवा, असं मी म्हणाले. लग्नातही तुला बोलवू नका, हेही मीच म्हणाले. माझी पोरगी आता चौदाची आहे. तिला बघायला माणसं येतील तेव्हा मला कुठल्या मावशीकडे पाठवायचं, ते ती ठरवेल.

लिही गं काहीतरी. शिव्या लिही.

भागी


बुधवार, १६ जुलै १९८६

अक्का,

तू लिहीत नाहीस तरी मी लिहिणार. हे मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि आजचं सांगितल्याशिवाय घशाखाली घास उतरणार नाही.

आमच्या इथं करीमभाईचं सायकलचं दुकान आहे. त्यांची मुलगी मेहरुन्निसा जालन्याला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आली आहे. दोन वेळा तिसऱ्या महिन्यातच पडलं, हे तिसरं टिकलंय, आठवा संपत आला. तिची आई गुलशन तिला दर बुधवारी उपकेंद्रात घेऊन येते.

आमचं काम कसं असतं ते सांगते. एक ॲल्युमिनियमची नळी असते, भोंग्यासारखी. तिचं रुंद तोंड पोटावर ठेवायचं, दुसऱ्या तोंडाला कान टेकायचा, आणि घड्याळ बघत मिनिटभर बाळाचे ठोके मोजायचे. मी कान टेकला की अख्खी खोली गप्प होते. बायका लेकरांना दटावतात, कुणी खोकत नाही. त्या एका मिनिटासाठी गावात मला मान आहे.

आज मेहरुन्निसाच्या पोटावर कान लावला आणि ठोका आला. स्पष्ट, ठसठशीत. मला इतका आनंद झाला की मी मान वर करून हसले. मग मोजला, तर चौऱ्याऐंशी. बाळाचा ठोका एकशे चाळीसच्या आसपास हवा, एकशे वीसच्या खाली गेला की धावाधाव करायची. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे की असं झालं तर आधी आईची नाडी धरा, कधीकधी आपण तिचाच ठोका ऐकत असतो. धरली. ती शहाण्णव. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, कान नळीवर तसाच ठेवून मी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली.

दोन्ही एकच. मी माझं स्वतःचंच काळीज ऐकत होते.

गुलशननं खांद्याला हात लावला. "बाई, बराय ना?" मी म्हणाले, "झकास." आणि कार्डावर लिहिलं, एकशे चाळीस.

घरी येऊन जुन्या नोंदी काढल्या. एकशे चाळीस, एकशे बेचाळीस, एकशे अडतीस, सगळं माझ्याच सुवाच्य अक्षरात. यातले कुठले ऐकून लिहिले आणि कुठले सवयीनं, ते मला सांगता येत नाही. मधल्या बायका सुखरूप बाळंत झाल्या म्हणून मला कधी थांबून बघायची वेळ आली नाही.

एक सोडून. साळूबाईबद्दल मी तुला पहिल्या पत्रात एका ओळीत लिहिलं होतं. मार्चमधल्या एका शनिवारी ती आली होती. कार्डावर एकशे अडतीस आहे. बुधवारी तिला मुलगा झाला, तो गेलेलाच. त्याची कातडी सुटायला लागली होती, अक्का. पोटात जाऊन तीन-चार दिवस झाले असले की तशी सुटते. मी ते तेव्हाच बघितलं होतं आणि पटकन फडक्यात गुंडाळून टाकलं, साळूबाईच्या सासूच्या हातात दिलं, आणि म्हणाले, देवाची मर्जी.

त्या शनिवारी मला काय ऐकू आलं होतं ते आठवायचा प्रयत्न करते. बाहेर ऊन होतं आणि मला घरी जायची घाई होती, एवढंच आठवतं.

भागी


शनिवार, २ ऑगस्ट १९८६

अक्का,

तुझं कार्ड आलं. सतरा वर्षांनी पाच ओळी, आणि त्याही हुकमाच्या. मला आता ते पाठ आहे. "भागी, पत्रं मिळाली तिन्ही. मला पुरतं बंद व्हायला सहा वर्षं लागली. तुझ्या कानाचं मागून बघू. तू मला लपवलंस तवा मी मेले नाय. आता तू कान लपवलास तर त्या पोरीचं लेकरू मरंल. सांगितल्याबिगर मला पत्र लिहू नको. वच्छला."

मी तुझं ऐकलं नाही, हे पत्र लिहिते आहेच. दोन दिवस मला तुझा राग आला. शहरात शाळेचे युनिफॉर्म शिवत बसणाऱ्या बाईला सांगायला काय जातं, असंही मनात आलं. गुपित फुटलं तर गमावायला तुझ्याजवळ राहिलंच काय आहे? माझ्याजवळ नोकरी आहे, तिच्याबरोबर मिळालेली खोली आहे, आणि रस्त्यानं जाताना म्हातारीसुद्धा बाजूला सरकते ते आहे. बाकी मी कोण? नुसती एक चाळिशीची बाई, चिडकी.

मग उठून करीमभाईच्या घरी गेले. सांगायचंच म्हणून गेले. मेहरुन्निसा खाटेवर पाय सोडून बसली होती, बाळाची टोपडी शिवत होती. सात झाली होती. एवढी टोपडी कशाला म्हणून मी चेष्टा केली तर लाजली. गुलशननं चहा टाकला आणि माझ्या समोर येऊन बसली. ती बोलताना तोंड चांगलं उघडते, त्यामुळे तिचं मला बरंचसं कळतं.

मी म्हणाले, एकदा पिशोरला डॉक्टरसाहेबांना दाखवून या.

"मरद डाक्टर हाय तिथं," गुलशन म्हणाली. "पोरगी जायाची नाय. तिच्या सासरचे म्हनले, जालन्याला मोठा दवाखाना हाय, तिथंच ठिवा. म्या म्हनलं, नाय, आमच्या बाईचा हात लागला पायजे. तुमच्याच भरोशावर आणलंय बाई."

चहा संपला. मेहरुन्निसानं माझा हात धरून पोटावर ठेवला, बघा कसा लाथा मारतोय म्हणून. माझ्या तळव्याखाली काही हललं का? मला वाटलं हललं. आता माझ्या हातांवरही माझा विश्वास राहिलेला नाही.

मी घरी आले. नाही सांगितलं. तू लिहिलेलं खरं आहे हे मला माहीत आहे, आणि तरी पाय निघत नाही. येत्या बुधवारी मी आजारी पडणार आहे. त्याच्या पुढच्या बुधवारचं अजून सुचलेलं नाही.

भागी


मंगळवार, १९ ऑगस्ट १९८६

अक्का,

सांगितलं. म्हणून लिहिते आहे.

सहा तारखेला मी ताप आल्याचं सोंग केलं. तेरा तारखेला मेहरुन्निसा आली, तिच्यामागं नऊ-दहा बायका. मी नळी पोटावर ठेवली, कान टेकला, खोली गप्प झाली. गिरणी आणि त्यात माझा ठोका, नेहमीसारखा, फक्त घाबरल्यामुळे जोरात. मी घड्याळ बघत मिनिटभर तशीच राहिले. पेन उचललं. गुलशन माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी निवांत.

त्या निवांतपणाचीच मला भीती वाटली. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

तिला वाटलं बाळाचं ऐकू येत नाही. तिचा चेहरा पांढरा पडला, मेहरुन्निसा उठून बसायला लागली. तेव्हा मला ओरडावंच लागलं की बाळाचं नाही, माझ्या कानाचं म्हणते आहे, माझे कान गेलेत, वर्ष झालं, जास्तच झालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी काय म्हणालं ते कळलं नाही. मेहरुन्निसा रडत होती.

थांबायला वेळ नव्हता. गुलशनला मी खाली बसवलं, नळी दाखवली, कान टेकायला लावला. माझं मनगट तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, जे ऐकू येईल ते माझ्या हातावर बोटानं वाजव. बराच वेळ काही नाही. मी नळी थोडी डावीकडे, मग खाली सरकवली. तिनं डोळे मिटले. आणि तिचं बोट चालायला लागलं, टक टक टक टक, भराभर, माझी नाडी कुठल्या कुठं मागं राहिली. पंधरा सेकंदांत छत्तीस. चौपट केले, एकशे चव्वेचाळीस. मी तिला पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेवढेच. मग मी तिथंच, सगळ्यांसमोर रडले.

गुलशन उठली. मला वाटलं शिव्या देईल, किंवा जवळ घेईल. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्यासमोर उभी राहून विचारलं, "और सालू के टैम पे?"

ते मला एका दमात कळलं. तिनं पोरीला उठवलं आणि घेऊन गेली.

त्याच दिवशी पिशोरला जाऊन डॉक्टरसाहेबांना लेखी दिलं, साळूबाईच्या कार्डासकट. ते फार रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते. बुधवारी दुसरी नर्स येणार, मी नळीला हात लावायचा नाही, घाटीतून कान तपासून सर्टिफिकेट आणायचं, पुढचं वरचे ठरवतील. ह्यांना घरी येऊन सांगितलं. ते माझ्या समोर येऊन, नीट तोंड दाखवून म्हणाले, आधी का नाही सांगितलंस. मेहरुन्निसाला कन्नडला बाई डॉक्टरकडे नेलं, शनिवारी मुलगी झाली. गुलशननं मला निरोप धाडला नाही, मला ते करीमभाईच्या दुकानावरून कळलं.

उरली साळूबाई. काल तिच्याकडे गेले.

वाटेत दोनदा परत फिरले. तू म्हणशील, सगळं सांगून झाल्यावर आता कशाची भीती. बाकीच्यांना मी एक दुखणं सांगितलं होतं, अक्का. हिला तिचं लेकरू कसं गेलं ते सांगायचं होतं.

ती अंगणात शेणी थापत होती. तिची सासू दगडाबाई दारात डाळ निवडत बसलेली. मी साळूबाईला गोठ्याच्या बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. शनिवारी मला काही ऐकू आलं नव्हतं. कार्डावर मी खोटा आकडा लिहिला. मूल तेव्हाच गेलेलं असेल किंवा जायला लागलेलं असेल, वेळेत कळलं असतं तर पिशोरला, कन्नडला, कुठंतरी नेता आलं असतं. वाचलं असतं की नाही ते मला सांगता येत नाही.

तिचे हात शेणानं भरलेले. ती माझ्या डोळ्यांत बघत हळूहळू बोलली, कळावं म्हणून. "म्या तुमाला सांगितलं व्हतं त्या दिशी. पोर दोन दिस झालं हलंना, म्हनलं. तुमी मान हालवली. म्हनून मी घरी आले."

मला ते आठवत नाही. पण मी मान हलवली असणार. वर्षभर मी सगळ्यांना मान हलवतेय.

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "कोजागिरीला गिरान व्हतं. तवा मी इळीवर दोडका चिरला, म्हनून लेकरू गेलं, असं आत्याबाई म्हनती. मार्चपासनं माझ्या हातचं खात नाय. घरातली मानसं बोलत नायत. मला बी तसंच वाटत व्हतं. म्या रोज रातच्याला तो दोडका आठवती."

मग तिनं तसल्याच हातानं माझं मनगट धरलं आणि मला ओढत दारापाशी नेलं. दगडाबाईसमोर उभं केलं.

"हेच हिला सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. तिला ऐकू कमी येतं."

मी सांगितलं. दगडाबाईनं कानामागं हात धरला, आं म्हणाली. मी अजून मोठ्यानं सांगितलं. माझा आवाज किती चढलाय ते मला कळत नव्हतं, पण समोरच्या दारात दोघी आल्या, मग शेजारच्या, मग हापशावरच्या कळशा तशाच टाकून बायका गल्लीत येऊन उभ्या राहिल्या. दोडक्यानं काही झालं नाही, ग्रहणानं काही झालं नाही, तुमच्या सुनेची काही चूक नव्हती. मला ऐकू येत नव्हतं. मी खोटं लिहिलं. मी.

दगडाबाईच्या हातातली डाळ सुपात पडली. तिला ऐकू आलं होतं. तिनं सुनेकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

साळूबाईनं माझं मनगट सोडलं नाही. गल्लीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आजून एकदा सांगा."

मी अजून एकदा सांगितलं.

भागी